स्नो थ्रोअर चालवताना: शूट तुंबू नये आणि हात शाबूत राहावा म्हणून

स्नो थ्रोअर म्हणजे वाटेवरचा बर्फ गोळा करून बाजूला फेकणारे यंत्र. मागून चालत चालवायच्या स्नो थ्रोअरच्या बाबतीत होणाऱ्या चुका वरवर पाहता निरनिराळ्या वाटतात. कोणी गेल्या मोसमातले पेट्रोल तसेच वापरतो, कोणी बर्फ जड आहे म्हणून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची गती, कमी करतो, कोणी उबदार गॅरेजमधून यंत्र काढून ते थेट बर्फात घालतो, तर कोणाच्या यंत्राचा, इंजिनाची गती पुढे पोचवणारा पट्टा सैल पडलेला असतो. या सगळ्यांचा शेवट मात्र एकाच ठिकाणी होतो. बर्फ बाहेर फेकला जाण्याऐवजी शूटमध्ये, म्हणजे तो बाहेर सोडणाऱ्या वाकड्या नळीत, तुंबतो, आधीच गारठलेला माणूस वैतागतो आणि हात आत घालतो. बोटांना होणारी इजा ही या यंत्राची सर्वांत परिचित आणि सर्वांत गंभीर दुखापत आहे, आणि ती इंजिन बंद केल्यानंतरही होऊ शकते. त्यामुळे पुढील बहुतेक टप्पे शूट तुंबू नये यासाठी आहेत, आणि तरीही ते तुंबलेच तर काय करायचे हे सातव्या टप्प्यात दिले आहे. आपल्या यंत्राची पुस्तिका आणि हा लेख यांत कोठे फरक आढळला, तर पुस्तिका प्रमाण मानावी.

## टप्पा १: यंत्राचा प्रकार ओळखा

सिंगल-स्टेज यंत्रात ऑगर, म्हणजे समोर आडवा फिरणारा पात्यांचा दांडा, बर्फ गोळा करतो आणि तोच तो शूटमधून भिरकावतो. त्याच्या रबरी कडा जमिनीला घासत असल्याने फरशी स्वच्छ निघते आणि यंत्र थोडेफार पुढेही ओढले जाते. याच कारणाने हे यंत्र खडीच्या वाटेवर मुळीच चालवू नये, कारण बर्फाबरोबर ते दगडही तितक्याच जोराने फेकते.

टू-स्टेज यंत्रात धातूचा दातेरी ऑगर बर्फ मध्यभागी ओढून आणतो आणि त्याच्या मागे वेगाने फिरणारा पंखा, म्हणजे इंपेलर, तो शूटमधून बाहेर फेकतो. चाकांना इंजिनाची गती मिळते आणि ऑगरची पेटी दोन्ही बाजूंच्या स्किड शूंवर, म्हणजे जमिनीवर घसरणाऱ्या टेकूंवर, टेकून जमिनीपासून किंचित वर राहते. थ्री-स्टेज यंत्रात या दोहोंच्या मध्ये बर्फ आत ढकलणारा आणखी एक भाग असतो. चालवण्याच्या पद्धतीत त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

साधारण २० सेंटीमीटरपर्यंतचा ताजा, हलका बर्फ सिंगल-स्टेज यंत्राला झेपतो. त्याहून खोल, ओला किंवा रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीच्या नांगराने लोटलेला बर्फ हे टू-स्टेज यंत्राचे काम आहे, आणि ते लहान यंत्राकडून करून घेण्याचा हट्ट हा तुंबण्याला दिलेला पहिला आमंत्रणाचा कागद होय.

## टप्पा २: बर्फ पडण्याआधी जागा तयार करा

बर्फ पडून गेल्यावर त्याखाली काय आहे हे दिसत नाही, हे सर्वांना ठाऊक असूनही हा टप्पा सर्रास गाळला जातो. पहिला अंदाज जाहीर होताच मोकळ्या जागेवरून एकदा चालत जावे आणि पायपुसणी, बागेतला पाण्याचा पाइप, विजेच्या वायरी, खेळणी, फांद्या, कुत्र्याची साखळी आणि दारात पडलेली वर्तमानपत्रे उचलावीत. भिजून गोठलेले वर्तमानपत्र दगडापेक्षा वाईट असते, कारण दगड बहुधा एक शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली खीळ, तोडून थांबतो, तर कागदाचा लगदा ऑगर आणि पेटी यांच्यामध्ये पाचरीसारखा घट्ट बसतो.

वाटेच्या कडा, पायऱ्यांची टोके, जमिनीतून वर आलेली झाकणे आणि फुलझाडांचे काठ यांच्याजवळ उंच, रंगीत खुणेच्या काठ्या रोवाव्यात. जमीन गोठल्यावर काठी आत जात नाही, म्हणून हे काम आधीच उरकावे. खडीचा भाग कोठे सुरू होतो तेथेही एक काठी हवी. तेथे पोहोचल्यावर चालण्याची पद्धत बदलावी लागते, ती कशी हे पुढे येईल.

## टप्पा ३: मोसमापूर्वीची तपासणी

हा सर्वांत लांब टप्पा आहे आणि त्याचा प्रत्येक भाग इंजिन थंड असताना, चावी काढून आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला ठेवून करायचा आहे. याला अपवाद फक्त शेवटच्या चाचणीचा.

पेट्रोल. चार-स्ट्रोक इंजिनात साधे पेट्रोल घालतात आणि तेल वेगळे असते. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण लागते व त्याचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालते, त्याहून अधिक इथेनॉलचे पेट्रोल या लहान इंजिनांसाठी बनवलेले नसते. थंडीत इंजिन सुरू होण्यासाठी पेट्रोलचे जे सहज उडून जाणारे घटक लागतात, तेच साठवणीत सर्वांत आधी निघून जातात आणि मागे उरणारा चिकट थर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. म्हणून साधारण ३० दिवसांत संपेल इतकेच पेट्रोल आणावे आणि आणल्या दिवशीच त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारे रसायन, मिसळावा. शिळ्या पेट्रोलात तो नंतर ओतून काही उपयोग होत नाही. चोक अर्धा ओढलेला ठेवल्याशिवाय इंजिन चालत नसेल किंवा आवाज एकसारखा वरखाली होत असेल, तर कार्बोरेटर अर्धवट बुजलेला आहे असे समजावे. असे इंजिन मोकळे चालताना बरे वाटते, पण बर्फाचा भार येताच त्याची गती खाली येते आणि शूट तुंबते.

तेल. यंत्र सपाट जागी ठेवून तेलाची पातळी पाहावी. हिवाळी वापरासाठी बहुतेक उत्पादक ५ डब्ल्यू-३० तेल सुचवतात. कडाक्याच्या थंडीत त्याच श्रेणीचे सिंथेटिक तेल वापरल्यास दोरी ओढणे हलके जाते. पातळीच्या खुणेहून जास्त तेल भरणे हीसुद्धा चूक आहे.

शिअर पिन. ऑगरची पाती मुख्य दांड्याला शिअर पिननी जोडलेली असतात. ऑगर कशात अडकला तर पिन तुटावी आणि महागडी गिअर पेटी वाचावी, एवढ्यासाठीच ती मुद्दाम कमकुवत बनवलेली असते. तुटलेल्या पिनच्या जागी घरातला कोणताही बोल्ट बसवणे हा या यंत्रावरचा सर्वांत महाग पडणारा जुगाड आहे. कठीण बोल्ट तुटत नाही आणि मग गिअरचे दात तुटतात.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की पिन योग्य असूनही ती निकामी ठरू शकते. पाती मुख्य दांड्यावर गंजून चिकटली असतील, तर पिन काढून टाकली तरी पाती आणि दांडा एकत्रच फिरतात. अशा वेळी पिनला तुटण्याची संधीच मिळत नाही. म्हणून वर्षातून एकदा सर्व शिअर पिन काढाव्यात, दांड्यावरच्या निपलमधून ग्रीस भरावे आणि पाती दांड्यावर हाताने गोल फिरवून ग्रीस आतपर्यंत पसरवावे. पाती फिरत नसतील तर गंज सोडवणारे तेल मारून ती मोकळी होईपर्यंत यंत्र वापरात आणू नये.

स्किड शू आणि स्क्रेपर बार. स्क्रेपर बार म्हणजे ऑगरच्या पेटीच्या खालच्या कडेची धातूची पट्टी. सपाट काँक्रीटवर ती जमिनीपासून साधारण ३ मिलिमीटर वर असावी. खडीवर मात्र हे अंतर २५ ते ३० मिलिमीटर ठेवावे आणि खाली थोडा बर्फ राहिला तर राहू द्यावा. अंतर अचूक बसवण्याची सोपी रीत अशी: यंत्र सपाट फरशीवर उभे करून पट्टीच्या दोन्ही टोकांखाली योग्य जाडीचा पुठ्ठा किंवा लाकडाची चीप सरकवावी, दोन्ही स्किड शूंचे नट सैल करावेत, शू जमिनीला टेकू द्यावेत आणि नट घट्ट करावेत. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर यंत्र एका बाजूला ओढत राहते.

टायर. दोन्ही टायरमधील हवेचा दाब सारखा आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत असावा. यंत्र तिरके चालते म्हणून लोक केबल फिरवत बसतात, तर दोष पुष्कळदा एका मऊ टायरचा निघतो.

केबल आणि पट्टे. ऑगरचा लिव्हर सोडलेला असताना त्याच्या केबलमध्ये किंचित ढिलाई हवी, पण लोंबण्याइतकी नको. केबल फार ताणलेली असेल तर लिव्हर सोडल्यावरही ऑगर फिरत राहतो, आणि फार सैल असेल तर पट्टा घसरून इंपेलरची गती घटते. पट्ट्यावर भेगा, चकाकी किंवा सुटलेले धागे दिसले तर तो बदलावा. पट्टा मोसमाच्या मध्यावर वादळात तुटतो, उन्हाळ्यात कधी तुटत नाही.

तपासा: आता प्लगची वायर जोडून यंत्र उघड्यावर आणावे, मागे उभे राहून सुरू करावे, ऑगरचा लिव्हर दाबावा आणि सोडावा. ऑगर आणि इंपेलर काही क्षणांत थांबले पाहिजेत. ५ सेकंद उलटूनही काही फिरताना दिसले, तर केबल आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत यंत्र वापरू नये. चाकांच्या लिव्हरचीही अशीच चाचणी घ्यावी.

## टप्पा ४: पेहराव आणि आसपासची माणसे

मफलर, लोंबणाऱ्या नाड्या आणि सैल बाह्या नकोत. पकड असलेले बूट, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षक हवेत. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचा आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो आणि तो तासभर शांतपणे कान खातो. कानांवर संरक्षक असल्याने मागून येणारे माणूस ऐकू येणार नाही, हेही लक्षात ठेवून अधूनमधून वळून पाहावे. लहान मुले आणि पाळीव प्राणी घरातच असावेत. मुलांना उडणारा बर्फ पाहायला आवडतो आणि ती नेमकी शूटच्या समोर येऊन उभी राहतात.

## टप्पा ५: सुरू करणे

यंत्र उबदार गॅरेजमध्ये असेल तर काम सुरू करण्याच्या बरेच आधी ते बाहेर काढून ठेवावे. उबदार धातूला लागलेला बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि ऑगर, इंपेलर व शूट यांच्यावर खडबडीत थर धरतो. ओला बर्फ मग त्या थराला चिकटत जातो. यंत्र बाहेरच्या हवेइतके थंड झाले की हा प्रश्न उरत नाही. याच वेळी, इंजिन बंद असताना, शूटच्या आतल्या बाजूस आणि ऑगरच्या पेटीत सिलिकॉन स्प्रे मारून ठेवला तर ओल्या बर्फाच्या दिवशी त्याचा स्पष्ट उपयोग होतो.

इशारा: गॅरेजचे दार पूर्ण उघडे असले तरी इंजिन आत सुरू करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. गॅरेज घराला लागून असेल तर तो वायू घरातही शिरतो.

पेट्रोल भरायचे असेल तर ते आत्ताच, बाहेर आणि थंड इंजिनात भरावे. टाकी काठोकाठ भरू नये. सांडलेले पेट्रोल पुसून ते उडून जाईपर्यंत थांबावे. कॅन भरून आणताना तो गाडीत ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका टळतो.

त्यानंतरचा क्रम असा:

१. ऑगर आणि चाके या दोन्हींचे लिव्हर सुटे आहेत याची खात्री करावी.
२. पेट्रोलचा कॉक उघडावा आणि चावी पूर्ण आत घालावी.
३. चोक पूर्ण बंद, म्हणजे इंजिनाची हवा रोखणाऱ्या, स्थितीत आणि थ्रॉटल वेगवान खुणेवर न्यावा. गरम इंजिनाला चोक लागत नाही.
४. प्रायमरचे, म्हणजे इंजिनात थोडे पेट्रोल ढकलणारे, बटण दोन ते तीन वेळा दाबावे. फार दाबले तर इंजिनात पेट्रोल साचते आणि ते सुरू होत नाही.
५. दोरी आधी हळू ओढावी, अडथळा जाणवला की झटक्याने ओढावी, आणि हातातून एकदम न सोडता सावकाश परत जाऊ द्यावी.
६. इंजिन लागले की चोक टप्प्याटप्प्याने उघडावा आणि दोन-तीन मिनिटे ते गरम होऊ द्यावे.

घरच्या विजेवर चालणारा स्टार्टर असेल तर तीन पिनांची, बाहेर वापरण्याजोगी वायर आधी यंत्राला आणि मग भिंतीच्या सॉकेटला जोडावी. काढताना भिंतीकडचे टोक आधी काढावे. बटण एका वेळी ५ सेकंदांहून अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी. वायर ऑगरच्या वाटेत राहिली नाही, हे पाहूनच पुढे जावे.

## टप्पा ६: बर्फ काढणे

सर्वांत जास्त गैरसमज येथे आहे, म्हणून नियम आधी सांगतो. थ्रॉटल नेहमी पूर्ण ठेवायचा आणि वेग चाकांच्या गिअरने नियंत्रित करायचा. बर्फ जड आहे म्हणून इंजिनाची गती कमी करणे म्हणजे इंपेलरची फेकण्याची ताकदच काढून घेणे होय. ओला बर्फ शूटमधून वर चढून वाकणावर वळायचा असेल, तर त्याला वेग लागतो. वेग कमी पडला की तो वाकणावर बसतो, त्यावर पुढचा बसतो आणि काही सेकंदांत बूच तयार होते. इंजिन गुरगुरू लागले तर चाकांचा गिअर खाली आणावा. तरीही गुरगुरले तर पेटीची पूर्ण रुंदी न घेता अर्धीच घ्यावी, पण थ्रॉटलला हात लावू नये.

दिशा ठरवणे. वारा पाठीकडून किंवा बाजूने असावा. समोरून वारा आला तर फेकलेला बर्फ चष्म्यावर परत येतो आणि मग डोळ्यांना काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तर वाटेच्या मधून सुरुवात करून एक फेरी डावीकडे आणि परतताना दुसरी उजवीकडे फेकावी. एका बाजूला घर किंवा गाडी असेल तर त्या बाजूला लागूनच बर्फाचा पहिला पट्टा काढावा आणि प्रत्येक वेळी तिच्यापासून दूर फेकावे. काढलेला बर्फ पुन्हा काढावा लागू नये हाच हिशेब असतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा, नाहीतर मध्ये बर्फाची रेघ राहते आणि ती रात्रीत गोठते.

शूटची दिशा बदलताना एक गोष्ट विसरली जाते: वळणाच्या वेळी शूटचे तोंड काही क्षण खिडकीकडे, गाडीकडे किंवा रस्त्याकडे होते. वळण्याआधी ऑगरचा लिव्हर सोडावा, यंत्र वळवावे, शूट नीट करावे आणि मग लिव्हर पुन्हा दाबावा. वस्ती दाट असेल तर शूटवरचे झाकण खाली झुकवून ठेवावे, म्हणजे बर्फ आणि त्यातला चुकार दगड लांब जाणार नाही.

किती साचू द्यायचे. मोठ्या हिमवर्षावात सगळे थांबण्याची वाट पाहू नये. १५ ते २० सेंटीमीटर साचले की एकदा काढावे आणि नंतर पुन्हा एकदा काढावे. दोन हलक्या फेऱ्या एका जड फेरीपेक्षा यंत्राला आणि पाठीला परवडतात. पेटीच्या उंचीहून खोल बर्फ असेल तर वरचा थर आधी फावड्याने खाली पाडावा किंवा कमी रुंदीच्या पट्ट्यांनी पुढे सरकावे.

तोंडाशी लोटलेला ढीग. नांगर फिरून गेल्यावर वाटेच्या तोंडाशी जो ढीग उरतो तो दाबला गेलेला, मिठाच्या पाण्याने भिजलेला आणि ढेकळांनी भरलेला असतो. येथे सर्वांत कमी गिअर लावावा, पेटीची अर्धीच रुंदी घ्यावी आणि ढिगाला धडका देऊ नयेत. धडक दिल्याने शिअर पिन तुटते किंवा यंत्र चढून वर जाते. गोठून दगड झालेली ढेकळे आधी फावड्याने फोडून बाजूला करावीत, कारण स्नो थ्रोअर हे बर्फाचे दगड फोडण्याचे यंत्र नव्हे. रस्त्याच्या कडेला काम करताना वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला तोंड राहील असे पाहावे आणि शूट कधीही रस्त्याकडे वळवू नये.

उतार. उतारावर वर-खाली चालावे, आडवे चालू नये. उतरताना गिअर बदलू नये. पाय घसरण्याइतका उतार असेल तर तेथे यंत्र नेऊच नये. मागे येताना वेग कमी ठेवावा आणि आधी मागे पाहावे, कारण भिंत आणि हँडल यांच्यामध्ये माणूस अडकण्याचे प्रसंग उलट्या गिअरमध्येच येतात.

खडी. टू-स्टेज यंत्र असेल तर खुणेच्या काठीपाशी थांबून इंजिन बंद करावे आणि स्किड शू खाली उतरवून पेटी वर उचलली जाईल असे बसवावे. ते शक्य नसेल तर हँडल किंचित खाली दाबून पेटी वर धरता येते, पण हा उपाय थोड्या अंतरापुरताच.

इशारा: दोन्ही लिव्हर हाताने दाबून धरावे लागतात ते मुद्दाम. हात सुटला की यंत्र थांबावे यासाठीच ते तसे असतात. काही यंत्रांत एक लिव्हर दाबलेला असताना दुसरा आपोआप धरला जातो, जेणेकरून एक हात शूट वळवायला मोकळा मिळतो. ती सोय उत्पादकाने दिलेली असते. दोरी किंवा टेप गुंडाळून लिव्हर बांधून ठेवणे मात्र सोय नसून धोका आहे.

## टप्पा ७: तुंबलेले शूट मोकळे करणे

फेक लहान होऊ लागली, शूटमधून बर्फाऐवजी चिखलासारखा गोळा ठिबकू लागला किंवा इंजिनाचा आवाज अचानक हलका झाला, की शूट तुंबू लागले आहे असे समजून लगेच पुढे जाणे थांबवावे. ऑगर चालू ठेवून काही सेकंद एका जागी उभे राहिले तर पुष्कळदा अर्धवट बूच आपोआप निघते. पुढे ढकलत राहिले तर ते घट्ट होते. ते निघाले नाही, तर पुढील क्रमातली एकही पायरी न गाळता काम करावे.

१. दोन्ही लिव्हर सोडावेत.
२. इंजिन बंद करून चावी काढावी आणि खिशात ठेवावी.
३. ऑगर आणि इंपेलर पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. इंपेलर शूटच्या तळाशी असल्याने बाहेरून दिसत नाही, म्हणून आवाज संपल्यावरही किमान १० सेकंद मोजावेत.
४. स्पार्क प्लगची वायर काढून प्लगपासून दूर ठेवावी. बॅटरीच्या यंत्रात बॅटरी बाहेर काढावी, वायरच्या यंत्रात प्लग भिंतीतून काढावा.
५. यंत्राच्या बाजूला उभे राहून यंत्राबरोबर मिळालेल्या सफाईच्या दांड्याने बर्फ सुटा करावा. दांडा हरवला असेल तर झाडूचा मजबूत लाकडी दांडा चालतो.
६. बूच निघताना ऑगर किंवा इंपेलर झटक्याने फिरेल असे गृहीत धरूनच दांडा धरावा आणि चेहरा व दुसरा हात पेटीपासून दूर ठेवावा.

सहाव्या पायरीचे कारण समजून घेतले तर हात आत घालण्याचा मोह राहत नाही. इंपेलर अडकतो त्या क्षणी इंजिन त्याला फिरवण्याचा प्रयत्न करत असते. त्या ओढीने पट्टे आणि दांडे ताणले जातात, आणि इंजिन बंद झाल्यावरही तो ताण तसाच अडकून राहू शकतो. बूच सुटले की ताण मोकळा होतो आणि पाते फिरते. ते अर्धा फेरा फिरले तरी बोटांसाठी पुरेसे असते. जाड हातमोजा या बाबतीत काहीही वाचवत नाही, उलट तोच पात्यात अडकून हात आत ओढला जातो. पायाने लाथ मारून बर्फ पाडण्याची सवयही याच यादीतली आहे.

तपासा: एकाच सकाळी शूट वारंवार तुंबत असेल तर दांडा उचलण्याआधी कारण शोधावे. थ्रॉटल पूर्ण आहे का, पट्टा घसरतो आहे का, चोक उघडला आहे का आणि शूटच्या आत बर्फाचा जुना थर धरला आहे का, हे या क्रमाने पाहावे. सगळे ठीक असेल तर बर्फ या यंत्राच्या मानाने फार ओला आहे, आणि उरलेले काम फावड्याचे आहे.

## टप्पा ८: काम संपल्यावर

काम संपताच इंजिन बंद करू नये. मोकळ्या जागी एक-दोन मिनिटे ऑगर चालू ठेवावा आणि शूट दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, म्हणजे आत उरलेला बर्फ बाहेर पडतो. मग इंजिन बंद करून चावी काढावी, हलणारे सर्व भाग थांबल्यावर यंत्रावर बसलेला बर्फ ब्रशने झटकावा आणि चावी बाहेरच असताना दोरी तीन-चार वेळा सावकाश ओढावी. दोरीच्या चक्रात शिरलेले पाणी यामुळे निघून जाते. ते न केल्यास पुढच्या वेळी दोरी गोठलेली सापडते.

इंजिन गरम असताना त्यावर आच्छादन घालू नये. टाकीत पेट्रोल असलेले यंत्र पाणी तापवण्याच्या किंवा इतर ज्योतीच्या उपकरणाजवळ ठेवू नये.

## टप्पा ९: मोसमातील देखभाल

नव्या इंजिनातले तेल पहिल्या काही तासांच्या वापरानंतर लवकर बदलावे लागते, नेमके तास पुस्तिकेत असतात. त्यानंतर दर ५० तासांनी किंवा दर मोसमात एकदा, जे आधी येईल तेव्हा. तेल गरम असताना पूर्ण निथळते, म्हणून इंजिन थोडे चालवून, बंद करून आणि प्लगची वायर काढून ते काढावे.

स्पार्क प्लग दर मोसमात पाहावा. अनेक इंजिनांत त्याची फट सुमारे ०.७६ मिलिमीटर असते. प्लग आधी हाताने फिरवून बसवावा आणि शेवटी पान्याने घट्ट करावा, नाहीतर तिरका आटा पडून इंजिनाचे डोके खराब होते.

अनेक स्नो थ्रोअरच्या इंजिनांना एअर फिल्टर नसतो, हे पाहून लोक चकित होतात. बर्फात धूळ नसते आणि ओला फिल्टर गोठून हवा अडवतो, म्हणून तो मुद्दाम दिलेला नसतो. त्यामुळे असे इंजिन उन्हाळ्यात धुळीच्या जागी उगाच चालवून पाहू नये.

पुष्कळ टू-स्टेज यंत्रांत चाकांना गती देण्यासाठी धातूच्या तबकडीवर घासून फिरणारे रबरी कड्याचे चाक असते. यंत्र गिअरमध्ये असूनही चालत नसेल तर या रबराची झीज पाहावी. येथे ग्रीस किंवा तेलाचा एक थेंबही लागू देऊ नये. सगळीकडे ग्रीस लावण्याच्या उत्साहात या तबकडीलाही ते लावणारे लोक नंतर यंत्र घसरते म्हणून तक्रार करतात.

बॅटरीच्या यंत्रांची देखभाल थोडकी आहे. लिथियम-आयन बॅटरी घरात ठेवावी, ० अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करू नये, आणि गार झालेली बॅटरी घरात आणून कोमट झाल्यावरच चार्जरला लावावी.

## टप्पा १०: मोसम संपल्यावर साठवण

पेट्रोलबाबत दोन मार्ग आहेत आणि त्यांतला एकच पूर्णपणे अनुसरावा. पहिला मार्ग असा की टाकी रिकामी करावी आणि इंजिन पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. दुसरा असा की ताजे पेट्रोल आणि स्टॅबिलायझर भरून इंजिन १० मिनिटे चालवावे, म्हणजे ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. टाकीत स्टॅबिलायझर ओतून इंजिन न चालवणे हा अर्धवट मार्ग, आणि तोच सर्वाधिक अनुसरला जातो.

त्यानंतर इंजिन थंड होऊ द्यावे, प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर तेल घालावे, दोरी हळू दोन-तीन वेळा ओढून ते सिलिंडरभर पसरवावे आणि प्लग परत बसवावा. वायर सुटीच ठेवावी. शेवटी दोरी अडथळा जाणवेपर्यंत ओढून तेथेच थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही.

स्क्रेपर बार आणि स्किड शू एका बाजूने झिजले असतील तर उलटून लावता येतात का ते पाहावे. बऱ्याच यंत्रांत तशी सोय असते. बार झिजून मागची पेटी घासू लागली तर नुसता बार बदलून भागत नाही, म्हणून हे शेवटच्या क्षणावर ठेवू नये. धातू उघडा पडलेल्या जागी रंग लावावा आणि शूटच्या फिरण्याच्या कड्याला ग्रीस द्यावे.

यंत्राचा मॉडेल क्रमांक, दोन्ही पट्ट्यांचे क्रमांक आणि शिअर पिनचा क्रमांक कागदावर लिहून तो हँडलला बांधून ठेवावा. शिअर पिनचा एक जास्तीचा संच आणि ऑगरचा एक पट्टा याच दिवसांत मागवून ठेवावा, कारण पहिल्या वादळानंतर हे दोन भाग दुकानांतून सर्वांत आधी संपतात.